बंगारीचं पाणी

“आधी पाणी बघा, मग मासा बघा.”

विरूपाक्ष हे वाक्य दिवसातून चार वेळा तरी म्हणायचा. दवाखाना असो, मोबाइलचं दुकान असो की मोंढ्यातली धान्याची आडत असो, जिथं म्हणून काचेची टाकी असेल तिथं तो आधी गुडघ्यावर बसायचा, एक डोळा मिटायचा आणि पाण्यातून आरपार पलीकडची भिंत बघायचा. मग वास घ्यायचा. मग बोट बुडवायचा. माशाकडं त्याची नजर सगळ्यात शेवटी जायची.

“अरे विरूपा, मासा उलटा होऊन राहिला की!” मालक ओरडायचा.

“मासा काय सांगत न्हाई, मालक,” हा तसाच बसलेला. “पाणी सांगतंय. दम धरा जरा.”

रेणापूरहून उदगीरला तो आला तो हमालीला. नागप्पांच्या आडतीवर वीस वर्षं तुरीची अन् सोयाबीनची पोती वाहिली आणि चाळिशी उलटायच्या आत पाठ गेली. वाकला की उठता येईना, उठला की वाकता येईना. दुसऱ्या कुणा मालकानं घरी बसवलं असतं. नागप्पांनी बसवलं नाही. त्याच सुमाराला कुणा वास्तुवाल्याच्या सांगण्यावरून त्यांनी हैदराबादहून माशांची टाकी आणली होती. आडतीच्या ईशान्य कोपऱ्यात ती मांडली आणि आठ दिवसांत सगळे मासे मेले.

“वझं उचलायचं सोड आता,” नागप्पा म्हणाले. “हे काचेतलं तुला जमतंय का बघ.”

पुस्तक नव्हतं, शिकवणारा नव्हता. विरूपाक्ष टाकीपुढं बसला आणि बसून बसून शिकला. शिकताना किती मासे मारले ते त्यानं कधी लपवलं नाही. “चाळीस जीव माझ्या माथ्यावर हायेत,” म्हणायचा. “तवा कुठं पाणी कळाया लागलं.”

नागप्पांची टाकी झळकायला लागली तशी सगळ्या मोंढ्याला टाकीची हौस सुटली. एके काळी विरूपाक्षच्या हाताखाली तेवीस टाक्या होत्या. सकाळी कपाळाला विभूती लावून, गळ्यात लिंग, हातात बादली अन् नळी घेऊन तो सायकलवर निघाला की चहाच्या हॉटेलातून हाक यायचीच. “काय स्वामी, लिंगायताच्या हातात मासे? किलोला काय भाव लावला?”

“तुझ्यापेक्षा महाग हाय,” तो पायडल न थांबवता म्हणायचा. “तुला कोण फुकट न्हेत न्हाई.”

मग ज्या साली लातूरला रेल्वेनं पाणी आलं, त्या साली हे सगळं मोडलं. घागरीसाठी रात्रंदिवस रांगा लागलेल्या असताना शोभेच्या काचेत पाणी ठेवायला माणसांना लाज वाटायला लागली. एकेक टाकी रिकामी झाली. कुणी तिच्यात मोबाइलची कव्हरं मांडली, कुणी बिस्किटांचे पुडे. पुढं पाऊस झाला, धरणं भरली, पण टाक्या पुन्हा भरल्या नाहीत. शेवटी नागप्पांची तेवढी राहिली. त्यांचा मुलगा वीरेश आडत बघायला लागला तेव्हा त्यानं ती आडतीतून घरी, पुढच्या खोलीत आणून ठेवली. दर गुरुवारी विरूपाक्ष तिथं जायचा. एकाच टाकीसाठी तो जुन्या सवयीनं अंघोळ, विभूती करून, धुतलेला सदरा घालून निघायचा.

त्या टाकीत तीन सोनेरी मासे होते. त्यांतली एक गोल पोटाची, झेंडूच्या रंगाची, दुहेरी शेपटीची. चालणं इतकं संथ की पाणीच तिला उचलून पुढं ठेवतंय असं वाटावं. नागप्पांच्या बायकोनं, गंगम्मानं, तिला नाव दिलं होतं बंगारी. कानडीत सोन्याला बंगारा म्हणतात, त्यावरून. आठ वर्षं झाली होती तिला त्या घरात.

दोन वर्षांपूर्वी नागप्पांना लकवा मारला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. पुढच्या खोलीत टाकीसमोर त्यांचा पलंग लागला. उरलेल्या डाव्या हाताचं एक बोट ते काचेच्या दिशेनं वर करायचे आणि बंगारी, कुठंही असली तरी, शेपटी झुलवत त्या कोपऱ्यात यायची. कदाचित त्या कोपऱ्यातच चारा पडत असल्यामुळं येत असेल. विरूपाक्षला ते ठाऊक होतं. पण बोट वर झालं, मासा आला, की नागप्पांचा अर्धा चेहरा हसायचा आणि नेमकं तेव्हाच गंगम्मा त्यांच्या तोंडात चमचा घालायची. मऊ भात, घोटलेलं वरण. डॉक्टर म्हणाले होते, तोंडानं जातंय तोवर बरं आहे, ते थांबलं तर नळी घालावी लागेल, आणि या वयात नळीवर फार दिवस निघत नाहीत. म्हणजे बघायला गेलं तर त्या घरात एक म्हातारा एका माशाच्या आधारानं जेवत होता.

श्रावण लागायच्या तोंडावर वीरेश कामानं नांदेडला गेला आणि येताना प्लास्टिकच्या पिशवीत चार नवे मासे घेऊन आला. अंगठ्याएवढे, पिवळे, अंगावर काळे पट्टे. त्याचं मन वाईट नव्हतं. बाप दिवसभर संथ माशांकडं बघत पडतो, त्याला जरा पळापळ दिसावी, एवढाच विचार. चार अंगठ्याएवढे मासे आणायचे, त्यात विरूपाक्षला काय विचारायचं?

गुरुवारी विरूपाक्ष आला, गुडघ्यावर बसला, एक डोळा मिटला. पाण्यात सोनेरी खवले तरंगत होते.

मग त्यानं बंगारीकडं बघितलं. ती कोपऱ्यात, गाळणीच्या मागं अंग चोरून तिरकी उभी होती. शेपटीची झालर फाटून दोऱ्या दोऱ्या झालेली, डाव्या कुशीवर बोटभर जागा सोललेली, एका डोळ्यावर धुकं. दोन पट्टेवाले येत होते, टोचत होते, पळत होते. आणि तिच्या सोबतीच्या दोन जुन्या सोनेरी माशांपैकी एक हळूच आला आणि त्यानंही जखमेवर तोंड लावून बघितलं.

“कुणी आणले हे?”

“मी आणलो, काका,” वीरेश हौसेनं म्हणाला. “लई चपळ हायेत नं? अप्पांला करमंल.”

“चपळ हायेत. तीच गोष्ट हाय. हिची शेपटी त्यांला चारा दिसून राहिली. आन् हिला पळता येत न्हाई, वीरेशराव. अशी जोडी लावत नसतेत.”

“मासे मासेच की, काका. पान्यातच ऱ्हायतेत सगळे.”

“आडतीत हमालबी ऱ्हायतेत आन् तुमचं लेकरूबी ऱ्हायतंय. म्हणून लेकराच्या डोक्यावर पोतं देता का?”

आतून गंगम्मा आली, पदरानं हात पुसत. “विरूपा, तीन दिस झाले बघ. ती कोपऱ्यात येईना. आन् हे धड तोंड उघडीनात, दोन घोट पेज तेवढी जाती.” तिनं पलंगाकडं बघितलं. नागप्पांचं बोट वर होतं. किती वेळ वर होतं कोण जाणे. “तो जुना सोबतीबी टोचून राहिलाय की रे तिला! आठ वर्षं संगं ऱ्हायला मेला!”

“त्याचा राग न्हाई, अव्वा. उघडं मांस दिसलं की तोंड लावून बघतो. खायचं हाय का, एवढंच बघतो.”

“हेच तर वाईट,” गंगम्मा म्हणाली.

त्या दिवशी विरूपाक्ष सायकल घेऊन मोबाइलच्या दुकानात गेला. तिथं कव्हरं मांडलेली टाकी त्याच्या हातची होती. दुकानदाराला हात जोडून त्यानं तिच्या दोन काचा मागून घेतल्या, कापून, चिकटवून, दोन रात्री वाळवून एक लहान पेटी केली. बंगारीला तोवर घमेल्यात ठेवलं. पेटी तयार झाल्यावर त्यानं ती टाकीजवळ ठेवली नाही. एका स्टुलावर, नागप्पांच्या उशाशी, डाव्या हाताला ठेवली.

मोठ्या टाकीत त्यानं खिडकीची डास-जाळी विजेच्या वायरी झाकायच्या प्लास्टिक पट्टीच्या चौकटीत ताणून आडवी भिंत घातली. पट्टेवाले एकीकडं, दोघं सोनेरी दुसरीकडं. दगड हलवले, झाडं हलवली, म्हणजे कुणालाच जुनी जागा आपली वाटू नये. “आधी ह्या टोळीला पोटभर घालायचं, त्या टोकाला,” त्यानं वीरेशला बजावलं. “भरल्या पोटाचा कमी टोचतो. आन् जमलं तर ह्यांला नांदेडला परत करा.”

“परत कोण घेतंय, काका?”

“मग माझ्या खोलीवर न्हेतो.”

“असू द्या आता. जाळी हाय की.”

बंगारीसाठी मात्र तो रोज येऊ लागला. नळाचं पाणी त्या भागाला आठवड्यातून एकदा, गुरुवारी यायचं, औषधाच्या वासासकट. ते घागरीत भरून दोन दिवस उघडं ठेवायचं, वास उडाला की त्यातलं तांब्यानं काढून पेटीतल्या पाण्याचा तिसरा हिस्सा बदलायचा. थोडं खडे मीठ, विरघळवून. हवेचा दगड मंद बुडबुडे सोडणारा. बोअरचं पाणी जड, ते चालत नव्हतं. सोललेला, उकडलेला वाटाणा बोटावर घोटून मोहरीएवढा. गंगम्मा तो नागप्पांच्याच पातेल्यात उकडायची. एकाच वाटीतलं दोघांना.

“थोडी हळद टाकू का रे? जखमेला चांगली,” तिनं पहिल्याच दिवशी विचारलं.

“हळद न्हाई, अव्वा. तूप न्हाई, कापूर न्हाई. माझ्या हातानं जे पडंल तेवढंच पान्यात पडू द्या.”

“बरं बाबा. तू डाक्टर.”

सहाव्या दिवशी नागप्पांनी बोट वर केलं आणि पेटीतली बंगारी, आडवी तिडवी का होईना, काचेपाशी आली. गंगम्मानं चमचा पुढं केला. म्हाताऱ्यानं गिळलं. स्वयंपाकघराच्या दारात उभी असलेली सून मंजुश्री मागं वळून भिंतीकडं तोंड करून उभी राहिली.

बाराव्या दिवशी फाटलेल्या शेपटीच्या कडेला काचेसारखी पांढरी, पातळ रेघ दिसली. नवं पडत होतं. विरूपाक्षनं ती रेघ बघितली आणि कुणाला सांगितली नाही. सतराव्या दिवशी ती बोटाच्या पेराएवढी झाली तेव्हा फक्त नागप्पांच्या कानाशी वाकला, पाठ दुखत असताना वाकला, आणि म्हणाला, “अप्पा, झालर येऊन राहिली.”

दुसऱ्या दिवशी श्रावणातला सोमवार होता. सकाळी सातलाच त्यानं पाणी बदललं, कारण घरी मठाचे स्वामी येणार होते, पूजा होती, माणसांची गर्दी होणार होती. त्याला थांबायचा आग्रह झाला. “बुडबुडे बंद करू नका,” एवढं सांगून तो निघाला.

पूजा झाली. अभिषेक झाला. दूध, दही, मध, साखर, वर विभूतीचं पाणी. स्वामींनी सगळ्यांना तीर्थ दिलं. नागप्पांच्या ओठांवर गंगम्मानं पळीभर सोडलं, त्यांनी जिभेनं चाटलं. मग तिची नजर स्टुलाकडं गेली. त्या घरात आजारी दोघं होते. एकाला तीर्थ दिलं आणि दुसरीला दिलं नाही, असं तिच्या हातून व्हायचं नव्हतं. बंगारीला पळी कशी देणार? तिनं उरलेली वाटी दोन्ही हातांनी धरली, डोळे मिटून शिवाचं नाव घेतलं आणि हळूच, तिला लागू नये अशी, पेटीत सोडली.

मंगळवारी सकाळी विरूपाक्ष आला. गुडघ्यावर बसला. एक डोळा मिटला.

पलीकडची भिंत दिसली नाही.

पाणी भाताच्या पेजेसारखं झालं होतं. बुडबुडे वर येत होते आणि फुटत नव्हते, फेसासारखे साचून राहत होते. आंबूस वास. बंगारी वर, तोंड पाण्याबाहेर काढून, उघडझाप करत होती. विरूपाक्षनं बोट बुडवलं आणि अंगठ्याशी घासून बघितलं. तेलकट लागलं. त्याला सगळं कळलं.

“विरूपा,” गंगम्मा मागं उभी होती, चेहरा उजळलेला. “काल तीर्थ दिले बघ तिला. वाटीभर. स्वामींच्या हातचं. आता फरक पडंल नं?”

हळद नको म्हणून त्यानं सांगितलं होतं. तूप नको, कापूर नको. तीर्थ नको असं सांगायचं त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. ध्यानात आलं असतं तरी गळ्यात लिंग असलेल्या माणसाच्या तोंडातून ते निघालं नसतं.

“पडंल, अव्वा,” तो म्हणाला. “तुमी आत बसा जरा. मी पाणी बदलून राहिलो.”

घागर बघितली. तळाला दोन तांबे पाणी होतं. नळ यायला अजून दोन दिवस. शेजारी तीन घरं फिरला, कुणाकडं बोअरचं, कुणाकडं आजच भरलेलं टँकरचं. उघडं ठेवून मुरलेलं पाणी अशा दिवसांत कोण राखतं? मोठ्या टाकीतलं घ्यावं तर जाळीच्या पट्टेवाल्या अंगाला वीरेशनं हौसेनं इतका चारा टाकला होता की तळ कुजला होता. तरी त्यानं ते गाळून, बोअरचं थोडं मिसळून, तांब्यातांब्यानं घातलं. हवेचा दगड वाढवला. दहाचे अकरा झाले, अकराचे बारा. बंगारी एकदा सरळ झाली. मग एका कुशीवर पडली, जिकडची कूस भरून आली होती त्याच कुशीवर.

नागप्पांचं बोट वर होतं.

विरूपाक्षनं ओंजळ पाण्यात घालून तिला खालून आधार दिला, काचेजवळ नेलं. म्हाताऱ्याला ती आलेली दिसावी म्हणून. तिचे कल्ले दोनदा हलले. अर्धा चेहरा हसला. ओंजळीत नंतर नुसतं वजन राहिलं.

दुपारी वीरेश जेवायला आला. पेटी बघितली, बाप बघितला, आणि त्याचा आवाज चढला. “काका, काल सकाळी तर धडधाकट होती की! काय केलाव तुम्ही?”

विरूपाक्ष पेटी पुसत होता.

“रोज रोज पाणी बदलून जीव घेतला तिचा. खामखा हैराण केलं. वीस वर्षं हेच करून राहिलाव, आन् एक मासा जगवता येईना?”

गंगम्मा दारात आली. तिनं रिकामी पेटी बघितली. काचेच्या आतल्या बाजूला, पाण्याची रेघ होती तिथं, दुधाच्या सायीसारखा पांढरा पट्टा सुकला होता. विरूपाक्षचं फडकं तिथपर्यंत अजून गेलं नव्हतं. वीस वर्षं तिनं याच माणसाच्या तोंडून ऐकलं होतं, आधी पाणी बघा. आज पहिल्यांदा तिनं बघितलं.

“वीरेश,” ती म्हणाली, “ते पाणी त्यानं न्हाई… मी काल…”

“पाणी माझंच चुकलं, वीरेशराव,” विरूपाक्ष मधेच म्हणाला आणि फडकं त्या पांढऱ्या पट्ट्यावरून फिरवलं. “मुरलेलं नव्हतं. घाई झाली माझी.”



“जाऊ द्या,” वीरेश थकून खुर्चीवर बसला. त्याच्याही डोळ्यांत पाणी होतं, ते त्यानं रागानं पुसलं. “उद्या तसलाच दुसरा आणतो. अप्पांला काय कळतंय.”

नागप्पांनी मान भिंतीकडं वळवली होती. मंजुश्रीनं चमचा नेला, ओठांना लावला. ओठ मिटलेले होते. वरण हनुवटीवरून खाली ओघळलं. तिनं पुसलं, पुन्हा चमचा लावला, पुन्हा ओघळलं.

“आता हे सगळं काढूनच टाकू,” वीरेश त्या ओघळाकडं बघत म्हणाला. “टाकीबी. कुणाला पाहिजे तर न्हेऊ द्या.”

“हाव, काढा,” विरूपाक्ष म्हणाला. त्याची शेवटची टाकी होती ती. तो एवढंच म्हणाला.

पूजेच्या केळीच्या पानाचा एक तुकडा कोपऱ्यात पडलेला होता. त्यात त्यानं बंगारीला गुंडाळलं. गंगम्मा आत गेली, देवघरातून विभूती घेऊन आली, पण जवळ येऊन तिचा हात थांबला. आता तर पाण्यात पडणार नव्हती, कुणाला बाधणार नव्हती, तरी तिचा हात पुढं होईना. विरूपाक्षनंच पान उघडून तिच्यासमोर धरलं. तिनं चिमटीतल्या विभूतीच्या तीन रेघा बंगारीवर ओढल्या.

“पुरशील नं?” तिनं विचारलं.

“पुरतो, अव्वा. ओल्या जागी.”

“विरूपा, मी…”

“स्वामींचं तीर्थ होतं. शेवटचं तीर्थ मिळालं तिला. सगळ्यांच्या नशिबी नसतंय ते.” एवढं बोलून त्यानं नळी गुंडाळली, बादलीत टाकली, पान वर ठेवलं. पलंगाशी जाऊन नागप्पांच्या पायांना हात लावला. पाय थंड होते. त्यांनी भिंतीकडची मान वळवली नाही.

बाहेर सायकल होती, पण तो सायकलवर बसला नाही. बादली हँडलला अडकवली तर पान हलेल, म्हणून ती एका हातात धरली आणि दुसऱ्या हातानं सायकल ढकलत, वाकडा होऊन, मोंढ्याच्या रस्त्यानं चालू लागला. चहाच्या हॉटेलातून हाक आली, “काय स्वामी, किलोला काय भाव?” तो तसाच पुढं गेला. हाक मारणारा उठून उभा राहिला आणि मग खाली बसला.

गंगम्मा ओट्यावर उभी राहून बघत होती. चिमटीला विभूती तशीच लागलेली. तो कोपऱ्यावर वळला, बादली दिसेनाशी झाली, सदऱ्याची पाठ दिसेनाशी झाली, तरी ती बघत होती. आतून मंजुश्रीनं दोनदा हाक मारली, “अत्या, अप्पा तोंडच उघडीनात, या की.” ती हलली नाही.